जाण्याचा कौल

आषाढातला सोमवार. रक्कम एकशे एक रुपये आणि पाच नारळ. हजर माणसे चार : देवळातले भटजी, बाबा, आई आणि मी. रक्कम त्या दिवशी द्यायची नव्हती, फक्त बोलायची होती. कारापूरच्या आमच्या वाड्यावरच्या देवीसमोर आईने पदर पुढे धरला आणि सांगितले, माझा थोरला झील चवथीच्या आत घरी परत आला तर तुला एवढे एवढे देईन. मंडपाच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेवटचा आकडा भटजींच्या कानापर्यंत पोचला नाही. "पाच नाल्ल काय सात गो?" त्यांनी विचारले. आईच्या आधी बाबाच बोलले, "पाच."

थोरला झील म्हणजे माझा दादा, आनंद. तो डिचोलीच्या खाणीवर डोझर चालवायचा. एका ठेकेदाराने खाणीवरचे दोन-तीन चांगले ऑपरेटर हिमालयात रस्त्याच्या कामाला नेले, त्यांत दादा गेला. बाकीचे थंडीला कंटाळून सहा महिन्यांत परत आले. दादा आला नाही. गेल्या चवथीलाही आला नव्हता, आणि हे आईला फार लागले होते. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली, परसातली फळे, फुले, कणसे बांधतात. त्याला माटोळी म्हणतात. माटोळीचे सामान रानातून आणणे आणि ती बांधणे हे दादाचे काम होते. त्या वर्षी ती मी बांधली आणि आरती चालू असताना तिच्यातले नीरफणस भटजींच्या पाठीत पडले. त्या दिवसापासून आईने दादाला परत आणायचे मनावर घेतले, असा माझा अंदाज आहे.

आणायला बाबा जाणार होते, कारण पावसाळ्यात खाण बंद असते आणि बाबा खाणीवरून जेटीपर्यंत लोखंडाची माती नेणारा टिप्पर चालवायचे. जेटीवरून ती माती बार्जने मुरगावला जायची आणि तिथून जहाजाने कुठल्या कुठे. बाबा मात्र खाण ते जेटी एवढेच जग रोज पाच-सहा वेळा पाहायचे. त्यांच्याबरोबर मी जाणार होतो, कारण मी हिमालयाचा जाणकार होतो. हिमालय मी पाहिलेला नव्हता. मी पाहिलेला सर्वांत उंच डोंगर खाणीवरच्या टाकाऊ मातीचा होता आणि तोही दर पावसात थोडा थोडा शेजारच्या शेतात उतरत असे. पण शाळेत असताना मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर किन्नौर जिल्ह्याचा नकाशा काढला होता : सतलज निळ्या खडूने, बर्फ कोरा कागद ठेवून, देवदारांची झाडे छोट्या त्रिकोणांनी. किन्नौरच का, तर ज्या जिल्ह्याबद्दल वर्गात कोणालाच काही ठाऊक नाही त्याच्याबद्दल कोणी चूक काढू शकत नाही. त्या नकाशाला बक्षीस मिळाले. नंतर दादा नेमका त्याच जिल्ह्यात गेला, तेव्हा आमच्या घरी हा योगायोग न मानता माझी विद्वत्ता मानण्यात आली. दादा स्वतः भूगोलात दोनदा नापास झाला होता.

मी तेव्हा नुकताच बारावी झालो होतो आणि पुण्याला जाऊन भूगोल शिकणार होतो. बाबा त्याला अर्धे तयार होते. "आनंदा इलो घराक, की तू जा खंय जावचा थंय," असे ते म्हणायचे. म्हणजे दादा परत येण्यात जसे आईचे मन अडकले होते तसे माझे पुणेही अडकले होते. दोन मुलांपैकी एक घरी हवा, एवढे साधे गणित होते. मी सांगायचे म्हणून सांगत नाही, पण देवळात त्या सोमवारी आईइतक्याच मनापासून मीही हात जोडले होते.

नवस बोलून झाला, मग कौल. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या मूर्तीला पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि वाट पाहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमचे बाबा मूळचे सावंतवाडीकडचे, त्यांच्या घराण्यात गाऱ्हाणे घालण्याचा मान. कौल घेतल्याशिवाय त्यांनी कधी म्हैस विकली नाही की टिप्परची नोकरी बदलली नाही. घरात खाणीचा हंगाम सुरू झाला की ते तुळशीपाशी उभे राहून देवाला गाऱ्हाणे घालायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'व्हय म्हाराजा' म्हणायला मला उभे करायचे. खरे तर त्याला दहा-बारा माणसे लागतात. आमच्या घरी मी एकटाच उपलब्ध असे. लहानपणापासून इतके झाले होते की बाबांनी वाक्य संपवून श्वास घेतला की माझ्या तोंडातून 'व्हय म्हाराजा' आपोआप बाहेर पडे. एकदा ते दुकानदाराला उधारी पुढच्या महिन्यात देतो म्हणाले, तेव्हाही पडले होते.

"काय विचारू?" भटजींनी विचारले.

"आमी जावचा काय नाय, इतक्याच," बाबा म्हणाले.

उजवी पाकळी पडली. आईने डोळे पुसले. आता मुलगा आलाच असे तिने धरले. मला त्याच वेळी काहीतरी चुकल्यासारखे वाटले होते, पण काय ते कळायला सतलज ओलांडावी लागली. आम्ही जाण्याचा कौल घेतला होता. आणण्याचा घेतलाच नव्हता.

निघायच्या दिवशी पहाटे पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा आई चुलीपाशी आधीच बसलेली होती. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. त्याच्याकडून तिने गरम उंड्यांची एक पिशवीच घेतली. तिचे माहेर पेडण्याचे, त्यामुळे सुक्या बांगड्यांवर तिचा देवापेक्षा थोडाच कमी विश्वास. बांगडे तिने वर्तमानपत्रात गुंडाळले, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुनी लुंगी. तरी थिवीला गाडीत बसल्यावर समोरच्या बाकावरचे कुटुंब पहिल्याच तासात दुसऱ्या डब्यात गेले आणि आम्हाला झोपायला ऐसपैस जागा झाली. शिवाय आंबोसोले म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या फोडी, तोरांचे म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचे लोणचे, सोललेले चार नारळ आणि उकडे तांदूळ. "थंय तो सफेद भात खाता आसतलो माझो झील," आई म्हणाली. तिच्या आवाजावरून वाटावे, दादा तुरुंगात आहे. या सामानात माझी भर तीन छत्र्यांची. मी समजावून सांगितले होते की मोसमी ढग हिमालयाला जाऊन आपटतात, तेव्हा आपल्याकडे जर इतका पाऊस, तर जिथे ढग आपटतात तिथे किती असेल. बाबांनी मान डोलावली. पहिली चूक ती.

दुसरी चूक अंतराची. मी नकाशावर दोरा लावून मोजले होते आणि सिमल्यापासून दादाचे गाव डिचोलीहून काणकोणपेक्षा फार लांब नाही, तेव्हा दुपारच्या जेवणाला पोचू, असे जाहीर केले होते. दोरा सरळ असतो. तो रस्ता डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरून परत बाहेर येतो. समोरच्या वळणावर दिसणारी बस आपल्याला तासाभराने भेटते. काही ठिकाणी तर कडाच कोरून रस्ता काढलेला, वर दगडाचे छत, डाव्या अंगाला दगडाची भिंत आणि उजव्या अंगाला काहीच नाही. खूप खाली सतलज. माझ्या नकाशात ती निळी होती. प्रत्यक्षात ती राखाडी, गढूळ, फेसाळलेली. बाबांनी खिडकीतून पाहिले आणि त्यांना एकदम घरच्यासारखे वाटले. "अरे, ही तर आमच्या न्हंयेसारखी! हय खाण खंय आसा?"

"खाण नाही बाबा. हिमनद्यांचा गाळ आहे तो."

"म्हणजे देवाची खाण," बाबा म्हणाले आणि ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर जाऊन बसले. तिथून पुढचा सगळा प्रवास ते उजव्या पायाने बसच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होते. प्रत्येक उतारावर ते मला मोठ्याने सांगायचे, "सेकंडात टाक म्हणा त्येका!" शेवटी ड्रायव्हरने विचारले, "चाचाजी, आप भी चलाते हो?" बाबांनी होकार दिला. त्यानंतर दोघे एकमेकांना न समजणाऱ्या भाषांत गिअरबॉक्सविषयी बोलत राहिले आणि दरडीमुळे बस तीन तास थांबली तेव्हा एकाच बिडीचे दोन भाग करून ओढले. डोंगर पाहण्याची बाबांची एक रीत होती. ते शिखर पाहत नसत, माल पाहत. समोर अख्खा उघडा काळा डोंगर आला की ते विचारायचे, "किती ट्रिपा होतीत रे?" मी कागदावर आकडे मांडायचो. रेकाँग पिओ आले तोवर बाबांच्या एका टिप्परने एक डोंगर हलवायला आमच्या घराण्याच्या किती पिढ्या लागतील, ते जवळजवळ निघाले होते. भूगोलाचा इतका निरुपयोग मी पुढेही कधी केला नाही.

दादा स्टँडवर उभा होता. डोक्यावर हिरव्या मखमली पट्टीची गोल टोपी, गाल लाल, आणि अंग थोडे भरलेले. बाबा त्याच्या शेजारून पुढे गेले. "ओ बाबा!" दादाने हाक मारली तेव्हा ते वळले आणि आधी टोपीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "काय रे, ह्या काय घातलंस डोक्यार? पोलिसात गेलंस की काय?" दादा हसला. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी बांगड्यांचे बोचके त्याच्या हातात दिले. आमच्या घरात मिठी मारायची पद्धत नव्हती.

गाव पिओच्या वर, चिलगोज्याच्या रानाच्या कडेला. चिलगोजा म्हणजे एक प्रकारचे पाइनचे झाड. त्याची शंकूसारखी फळे भाजली की आतून लांबट बिया निघतात. चव काजूची, पण काजूपेक्षा शांत. सफरचंदाच्या बागा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेल्या, दगडी पाट्यांची छपरे, आणि प्रत्येक छपरावर जर्दाळू वाळत घातलेले, त्यामुळे वरून पाहिले तर सगळे गाव केशरी. आभाळ निळे, लख्ख. पाऊस? आम्ही होतो तितके दिवस एक थेंब नाही. हा भाग डोंगरांच्या आड असल्याने ढग इथवर पोचता पोचता रिकामे होतात, हेही माझ्या पुस्तकात होते, पुढच्याच पानावर. ते पान मी वाचले नव्हते. बाबा छत्री उन्हासाठी उघडून फिरायचे आणि गावातली पोरे त्यांच्या मागून.

दादा राहायचा तो वरचा मजला ज्यांचा होता ते गृहस्थ म्हणजे नेगीजी. बुटके, हसरे, बागायतदार. त्यांची मुलगी पद्मा. पहिल्याच संध्याकाळी तिने आमच्यापुढे खारट लोणी घातलेला चहा ठेवला, आणि त्याबरोबर फाफर नावाच्या डोंगरी धान्याच्या पिठाची पातळ, जाळीदार धिरडी. बाबांनी तुकडा तोडला, चावला, थांबले. "हे तर घावणे," ते म्हणाले. मग दादाकडे वळून, हळू आवाजात, "चेडवाक विचार, नाल्लाचो रस आसा काय?" आमच्याकडे घावणे नारळाच्या गोड रसाबरोबर खातात. दादाने विचारले नाही. तो उठला, आमच्या बोचक्यातला एक नारळ काढून उंबऱ्यावर फोडला आणि पद्माने तो खवायला घेतला. कसा खवायचा हे तिला माहीत होते. खवणी दादाने स्वतः डोझरच्या जुन्या पात्याच्या तुकड्यापासून करून घेतली होती. बाबांनी ती खवणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मला वाटते, निकाल तिथेच लागला होता. बाकी सगळे कामकाज पुढे चालले इतकेच.

दुसऱ्या दिवशी मी आईचे उकडे तांदूळ शिजवायला घेतले. नेगीजींच्या चुलीवर, उघड्या टोपात, आईने सांगितल्याप्रमाणे. पाणी खळखळ उकळत होते. तासाने तांदूळ बाबांनी दाताखाली घेतला, तर खडा. आणखी लाकडे, आणखी पाणी. दुसऱ्या तासाला टोपाभोवती घरातली सगळी माणसे जमली होती आणि नेगीजी मला फार मायेने विचारत होते, "बेटा, ये बीज है क्या? बोना है?" उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानावर उकळते आणि कितीही उकळले तरी त्याहून जास्त तापत नाही. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि पूर्ण गुण होते. तो उत्तरपत्रिकेबाहेरही खरा असतो हे मला सुचले नव्हते. शेवटी पद्माने ते सगळे कुकरमध्ये ओतले. आम्ही भात आणि भाजलेला बांगडा खाल्ला. पद्माने बांगड्याचा एक तुकडा खाल्ला, डोळ्यांत पाणी आले, आणि तिने दुसरा घेतला. बाबांनी तेही पाहिले.

पहाटे दादाने आम्हाला उठवून गच्चीवर नेले. समोर दरीपलीकडे किन्नर कैलास. रात्रभर तो काळोखाचा एक मोठा तुकडा होता. आता टोकाला गुलाबी रंग लागला, मग तो खाली उतरत गेला, पिवळा झाला आणि शेवटी पांढरा, इतका की डोळे बारीक करावे लागले. शिखरांच्या रांगेत एक शिळेचा सुळका एकटा उभा आहे, त्याला तिथली माणसे शिवलिंग मानतात. दिवसभरात त्याचे रंग बदलतात. मी उंची सांगायला तोंड उघडले. सहा हजार मीटरपेक्षा थोडी जास्त, हे मला पाठ होते. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गप रव जरा," ते म्हणाले. त्यांनी ट्रिपा विचारल्या नाहीत. मोबाइलवर आता मी तोच डोंगर पाहतो, वरून, बाजूने, बोटांनी फिरवून. पण थंडीने नाकातून पाणी येत असताना आणि आपण गप्प बसायला हवे होते हे कळत असताना तो जसा दिसतो तसा दिसत नाही.

गच्चीवरच बाबांनी विषय काढला. "आनंदा, आवस वाट बघता. चवथ इली. कामा संपला ना तुझा?"

"रस्त्याचा संपला. पण बर्फ काढूक माका ठेवलो हा. आणि बागेचा..." दादा थांबला. "बाबा, पद्माबरोबर माका लगीन करूचा हा. तिचो बापूस म्हणता, हय रव."

"घरजावय?"

"तसा नाय. पण हय."

बाबांनी बिडी पेटवायचा प्रयत्न केला. ती वाऱ्याने तीनदा विझली. "आणि मी सांगलंय, चल म्हणान, तर?"

"तर येतंय," दादा म्हणाला. "तुमी सांगल्यार मी येतंय, बाबा. त्यात काय विचारूचा नाय."

हे वाक्य बाबांना सर्वांत कठीण पडले असणार. भांडला असता तर ओढून नेता आले असते. ते माझ्याकडे वळले. मी, हिमालयाचा जाणकार, पुण्याचा उमेदवार, म्हणालो, "आई वाट बघते." ते खरे होते. आईच्या मागे पुणे उभे होते तेही खरे होते. दादाने माझ्याकडे एकदा पाहिले. त्याला नकाशे वाचता येत नसत, माणसे येत.

तोडगा नेगीजींनी सुचवला. दोन दिवसांनी त्यांचा देव बाहेर येणार होता. तिथे गावाचा देव पालखीत असतो : चांदीचे मुखवटे, वर याकच्या केसांचा मोठा काळा झुबका, आणि लवचिक लाकडाचे लांब दांडे. खांद्यावर घेतला की तो झुलतो, नाचतो, आणि विचारलेल्या प्रश्नाला झुकून उत्तर देतो. "देवता से पूछ लेते हैं," नेगीजी म्हणाले. बाबांचा चेहरा आमच्या तिथल्या सगळ्या मुक्कामात पहिल्यांदा मोकळा झाला. अखेर या मुलखात काम करायची नीट रीत सापडली होती. मला ती रीत पसंत नव्हती. मी बाबांना बाजूला घेऊन म्हणालो, "बाबा, देव त्यांचा आहे. तो त्यांच्या बाजूने बोलणार."

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" बाबा म्हणाले. "देव काय पंचायतीचो मेंबर आसा, बाजू घेऊक?"

मग मी निदान नियम तरी आपले असावेत असा प्रयत्न केला. मी देवाच्या वतीने बोलणाऱ्या पुजाऱ्याला हिंदीत समजावले, की उजवीकडे झुकला तर दादा घरी जाणार, डावीकडे झुकला तर राहणार. पुजारी पोटभर हसला. त्यांचा देव उजवेडावे करत नाही. ज्याला बोलावायचे त्याच्याकडे जाऊन झुकतो. बस्स.

देव आला त्या दिवशी देवळाच्या अंगणात सारे गाव जमले होते. ढोल, लांब पितळी कर्णे, आणि कडेला चटयांवर वाळत घातलेले जर्दाळू. मी उन्हापासून छत्री धरून उभा, गावात एकटाच. दादा एका बाजूला, त्याच्यापासून दोन हातांवर पद्मा. पालखी खांद्यावर घेतलेल्यांत पद्माचे दोन भाऊ होते. हे मी फक्त नोंदवून ठेवतो. बाबांनी चपला काढल्या, राहिलेल्यांतला एक नारळ दोन्ही हातांत धरला आणि सावंतवाडीच्या आवाजात, अख्खे अंगण भरेल असे गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा म्हाराजा! तू ह्या बर्फाचो राखणदार, ह्या न्हंयेचो, ह्या रानाचो मालक..."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. सवयीने. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"आमी लांबसून, समुद्राकडसून तुझ्या दारात इलो..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी दादाही होता. तिसऱ्या वाक्याला चार-पाच पोरे सामील झाली, पाचव्याला नेगीजी, आणि मग सारे अंगण. अर्थ कोणाला कळत नव्हता, पण बाबा कुठे श्वास घेतात ते कळत होते आणि तेवढे पुरत होते. ढोलवालासुद्धा प्रत्येक 'म्हाराजा'ला एक थाप द्यायला लागला. बाबांचा आवाज चढला. मी बाबांना एवढे मोठे झालेले कधी पाहिले नव्हते. आमच्या तुळशीपाशी त्यांना माझ्याशिवाय कोणी मिळत नव्हते. इथे डोंगर उत्तर देत होता.

"माझे दोन झील, म्हाराजा. दोघांत घर राखूक माका एक होयो. खंयचो, ता तू दाखय!"

"व्हय म्हाराजा!"

प्रश्न असा होता. दादा यावा की न यावा, हे त्यांनी विचारलेच नाही. मला हे लक्षात यायला वेळ लागला, आणि लागला तोवर पालखी सुटली होती. ती पुढे आली, मागे गेली, गोल फिरली. दादाच्या दिशेने निघाली तसे मी मनात म्हणालो : पुणे! पण ती वळली. बाबांना ओलांडून, नेगीजींना ओलांडून, थेट माझ्यावर आली. मी मागे सरकलो, चटईवर पाय पडला आणि सरळ जर्दाळूंत बसलो. देव माझ्यावर झुकला. याकचे केस माझ्या तोंडात, छत्रीच्या काड्या त्या केसांत. छत्री अशी अडकली की देव सरळ झाला तेव्हा तीही त्याच्याबरोबर वर गेली.

पुजाऱ्याने काहीतरी सांगितले आणि दादाने ते आमच्या भाषेत केले : "म्हणता, घर धाकटो बघतलो."

बाबांनी नारळ कपाळाला लावला. गाऱ्हाणे पुरे करायचे राहिले होते. ते म्हणाले, "तुझो शब्द आमका मान्य, म्हाराजा. माझो धाकटो झील कारापूरचा घर सांभाळतलो, आवशी-बापाशीक बघतलो..." आणि त्यांनी श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो. सर्वांच्या आधी आणि सर्वांत मोठ्याने, जर्दाळूंत बसून.

देवासमोर म्हटलेले परत घेता येत नाही. मी तसा प्रयत्न केला नाही असे नाही. गावाहून परतताना बसमध्ये मी बाबांना सांगितले, की ते सवयीने निघाले. "माका म्हायत आसा," बाबा म्हणाले. त्यांचा पाय ब्रेकवर होता. थोड्या वेळाने म्हणाले, "दुसरा काय इचारूक जमला नाय रे. तो येतंय म्हणालो ना, तेच्या तोंडाकडे बघवला नाय माका." मग पुढच्या वळणापर्यंत आम्ही दोघेही सतलजकडे पाहत राहिलो.

दादा चवथीला आला. पद्माला आणि एका भल्या मोठ्या पेटीला घेऊन आला. माटोळी त्यानेच बांधली. नेहमीच्या सुपाऱ्या, नीरफणसे, कांगले यांच्यामध्ये त्या वर्षी चिलगोज्याचे शंकू आणि लवकर पिकलेली हिरवट सफरचंदे लोंबत होती, आणि भटजी आरतीभर वर पाहत होते. आईने पद्माला आधी दोन दिवस पाहुणीसारखे वागवले, मग तिसऱ्या दिवशी मासळी साफ करायला बसवले. गणपती पोचवून झाल्यावर दोघे परत गेली. बाबा म्हणाले, दादा परत आला नाही, तेव्हा नवस लागू होत नाही. आई म्हणाली, आला की! राहतलो म्हणान मी खंय सांगललंय? प्रश्न कसा विचारायचा हे घरात आपल्यालाच कळते असे बाबांना तोवर वाटत होते.

मी साखळीच्या कॉलेजात कॉमर्स केले आणि एका सोसायटीत हिशेब लिहायला लागलो. लग्न झाले, मुले झाली. आईबाबांना शेवटपर्यंत मी पाहिले, आणि ते अवघड गेले असे म्हणालो तर खोटे होईल. पुण्याला मी पुढे एकदा गेलो, लग्नाला. फार गर्दी वाटली. भूगोलात दोनदा नापास झालेला माझा भाऊ गेली पंचवीस वर्षे माझ्या नकाशात राहतो. त्याची मुलगी मला फोनवर विचारते, "काका, समुद्र खारट आसता म्हणजे किती?" मी तिला आकडा सांगतो. मग तिची आई मागून म्हणते, चाखून बघ येऊन, आणि मी गप्प बसतो. गप्प बसायला शिकलो आहे, थोडे उशिरा. माटोळीसाठी पेटी दरवर्षी येते आणि माटोळी मी बांधतो. अलीकडे काही पडत नाही.

देणे आईच्या हट्टाने, दादा पद्माला घेऊन आला त्याच भाद्रपदात पुरे झाले. आमच्या देवीला, भटजींच्या हाती, एकशे एक रुपये आणि पाच नारळ. किन्नौरच्या देवाला, पुजाऱ्याच्या हाती, एक नारळ, एक काळी छत्री, आणि दादा.